देवळालीचा ताप आणि हॉप्सवाली लागर

रावेतमधून आज जरा फेसाळता विषय. क्राफ्ट ब्रुअरीवाले वर्धापनदिनाला खास बिअर काढतात, आणि त्यात 'हॉपी लागर' हे नाव हल्ली बऱ्याचदा दिसतं. वाटतं एकदम नवं, पण या दोन शब्दांत उन्हाळ्याशी झालेल्या दोन जुन्या लढाया आहेत.

पहिली हॉप्सची. हॉप्स म्हणजे एका वेलीची कडू फुलं. बिअर आंबवणाऱ्या जिवाणूंना ती रोखतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचा जॉर्ज हॉजसन भारताकडे बिअर पाठवायचा. आफ्रिकेला वळसा, महिनोन्‌महिने प्रवास, दोनदा विषुववृत्त. जास्त हॉप्स घातले की बिअर टिकते हे ब्रुअर लोकांना आधीपासून माहीत होतं. त्यामुळे 'हॉजसनने भारतासाठी आयपीए शोधली' ही गोष्ट जरा फुगवलेलीच. आणि ती बिअर भारतीयांसाठी नव्हतीच, साहेबासाठी होती.

दुसरी लढाई लागरची. जर्मनमध्ये 'लागर्न' म्हणजे साठवणं. हिचं यीस्ट थंडीतच नीट काम करतं. म्हणून बव्हेरियात १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायला चक्क बंदी घातली गेली! पुढे १८४२ मध्ये पिल्सेन गावात योसेफ ग्रोलने भरपूर हॉप्स घालून सोनेरी लागर बनवली. म्हणजे हॉपी लागर तशी जुनीच. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेचं शीतयंत्र आलं आणि लागर हिवाळ्याच्या तावडीतून सुटली. चाकणच्या कंपनीत चिलर बघितलाय ना? त्याचाच हा पूर्वज.

आता आपल्या मातीत येऊ. नाशिकजवळच्या देवळालीला ब्रिटिश सैनिकांची छावणी होती. नोकरी संपलेले गोरे शिपाई घरी जाणाऱ्या जहाजाची तिथे वाट बघायचे. जहाजं ठरावीक महिन्यांतच सुटायची. ऊन, रिकामपण, दारू. माणसं भ्रमिष्ट व्हायची. त्यातून इंग्रजीत शब्द आला 'डूलाली टॅप', म्हणजे देवळालीचा ताप! मराठी गावाचं नाव इंग्रजीत वेडेपणाचा शब्द होऊन बसलं.

२००९ साली पुण्यात भारतातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक सुरू झाली. नाव ठेवलं 'डूलाली'. मला यातली गंमत फार आवडते. जी बिअर साहेबासाठी समुद्र ओलांडून यायची, ती आता इथल्याच पाण्यात, इथल्याच पोरांसाठी बनते. टाकीबाहेर एप्रिलचं ऊन, आत बव्हेरियाचा हिवाळा. चिडवायचा शब्दही आपण पाटीवर लावून मोकळे!

म्हणून वर्धापनदिनाला हॉपी लागर मला शोभून दिसते. एका ग्लासात दोन्ही लढाया जिंकलेल्या. फक्त लक्षात ठेवा, महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, आणि पिऊन गाडी अजिबात नाही. भेटू पुढच्या एपिसोडला!