खाज कोपरावर, कारण आतड्यात

कोपर, गुडघे, कुल्ले, डोक्याची त्वचा. शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखेच, पुंजक्यांनी उठणारे बारीक फोड. खाज इतकी, की फोड खाजवण्यात फुटून जातात आणि डॉक्टरांना दिसतात ते ओरखडे नि खपल्या. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ लुई ड्युरिंग यांनी १८८४ मध्ये या दुर्मीळ रोगाला ‘डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस’ असे नाव दिले. हर्पिसच्या विषाणूशी त्याचा संबंध नाही. फोडांची मांडणी तशी दिसते, एवढेच.

नाव मिळाले, कारण मात्र कळले नाही. १९४० मध्ये सल्फापिरिडीनने गुण येतो असे आढळले. १९५० च्या दशकात कुष्ठरोगावरचे डॅप्सोन वापरात आले. दोन-तीन दिवसांत खाज थांबू लागली! ही दोन्ही औषधे जंतूंवरची. मग हा रोग जंतूंमुळे होतो का? नाही. डॅप्सोन इथे त्वचेत जमून दाह करणाऱ्या पांढऱ्या पेशींना आवर घालते. म्हणूनच औषध थांबवले की पुरळ परत येते. शिवाय या औषधाने तांबड्या पेशी फुटू शकतात, त्यामुळे रक्त तपासत राहावे लागते.

कारणाचा धागा सापडला तो पोटाच्या एका विकारात. गव्हातील घटकामुळे मुलांना सीलिअ‍ॅक रोग होतो, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात दाखवले होते. १९६६ मध्ये न्यूकॅसलच्या जॅनेट मार्क्स, सॅम शूस्टर आणि वॉटसन यांनी या त्वचारोगाच्या रुग्णांचे लहान आतडे तपासले. अनेकांच्या आतड्याच्या अस्तरात सीलिअ‍ॅकसारखीच हानी होती! बहुतेक रुग्णांची पोटाची तक्रारच नसते. मग आतडे तपासावे असे कुणाला सुचणार? १९६९ मध्ये रुग्णांच्या त्वचेत ‘आयजीए’ प्रतिपिंडे आढळली. १९७३ मध्ये लंडनच्या लायोनेल फ्राय यांच्या गटाने दाखवले, की ग्लूटेन हे प्रथिन आहारातून वगळल्यास पुरळ जाते. मात्र त्याला महिने, कधी वर्षेही लागतात. तोपर्यंत डॅप्सोनचा आधार असतो.

ग्लूटेन गहू, जव आणि राय या धान्यांत असते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदळात नसते. म्हणजे अशा रुग्णाला चपाती वर्ज्य, पण भाकरी चालते. फक्त पिठात गव्हाची भेसळ नको, गिरणीतलीसुद्धा.

डॅप्सोन खाज थांबवते, पण आतडे बरे करत नाही. गुण येणे आणि कारण कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात ‘औषध लागू पडले, म्हणजे रोग कळला’ असे कुणी म्हणाले, तर हे उदाहरण जरूर सांगावे.