मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंड्यात मिळाली, मग जुहूचं काय?

‘पोर्तुगिजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिली’ ही पोस्ट तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. त्या हुंड्यात जुहू नव्हतं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपरही नव्हतं.

हा राजा कोण?

स्टुअर्ट घराण्याचा दुसरा चार्ल्स. ट्यूडर घराण्याची शेवटची राणी पहिली एलिझाबेथ १६०३ मध्ये वारस न ठेवता वारली आणि इंग्लंडची गादी स्कॉटलंडच्या स्टुअर्टांकडे आली. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, राजेशाहीच संपली. १६६० मध्ये त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स परतला, पण त्याला पैशांची चणचण होती. तिकडे पोर्तुगालला स्पेनविरुद्ध मदत हवी होती. २३ जून १६६१ च्या तहात लग्न ठरलं. राजकन्या कॅथरीनसोबत मोठी रोख रक्कम, आफ्रिकेतलं टँजिअर आणि मुंबई. इंग्लंडच्या दरबारात चहाची आवड रुजवण्याचं श्रेय याच कॅथरीनला दिलं जातं.

मग वाद कशावरून झाला?

तहात ‘मुंबईचं बंदर आणि बेट’ द्यायचं ठरलं होतं. साष्टी आणि ठाणेही त्यातच येतं, असं इंग्रजांचं म्हणणं. पोर्तुगीज म्हणाले, फक्त एक बेट. १६६२ मध्ये ताबा घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनला त्यांनी मुंबई दिलीच नाही. त्याचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबले. तिथे आजारपणाने शेकडो मेले, शिपमनही गेला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुकला ताबा मिळाला. पुढे त्याने माहीमही घेतलं आणि माहीमची खाडी सरहद्द बनली. दक्षिणेला इंग्रज, उत्तरेला पोर्तुगीज. वांद्र्याच्या पुढचं जुहू पोर्तुगिजांकडेच राहिलं.

इथल्या लोकांचं काय झालं?

खाडीच्या दोन्ही बाजूंना तेच कोळी, भंडारी, आगरी. त्यांना कोणीच विचारलं नाही. राजांच्या भांडणाची झळ मात्र रोजच्या जेवणापर्यंत आली. मुंबईचं धान्य बरंचसं बाहेरून यायचं आणि ठाणे-करंजाच्या वाटेवर पोर्तुगीज जकात लावायचे.

चार्ल्सला या बेटाचा खर्चच जास्त वाटला. १६६८ मध्ये त्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली. भाडं वर्षाला १० पौंड.

जुहू इंग्रजांकडे कधी गेलं?

१७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. जुहू आता मराठ्यांकडे आलं. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकून साष्टी बळकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. तोवर इंग्लंडमध्ये स्टुअर्ट संपून हॅनोव्हर घराण्याचा तिसरा जॉर्ज गादीवर होता.

म्हणजे मुंबई लग्नात गेली, जुहू लढाईत. दोन्हींमध्ये शंभरहून जास्त वर्षांचं अंतर. पुढच्या वेळी जुहूहून दादरला जाताना माहीम कॉजवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलात, तर खिडकीतून खाली खाडीकडे बघा. कधीकाळी दोन राजांची राज्यं तिथे वेगळी होत होती.