हंटिंग्टिन: एका प्रथिनाचा माग

१८७२ साली जॉर्ज हंटिंग्टन या तरुण अमेरिकी डॉक्टरांनी मेंदूच्या एका आनुवंशिक आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. लाँग आयलंडवरच्या ईस्ट हॅम्प्टनमध्ये त्यांचे वडील आणि आजोबाही डॉक्टरकी करत. तीन पिढ्यांचे निरीक्षण हाताशी होते, म्हणूनच आजार घराण्यात कसा उतरतो हे त्यांच्या ध्यानात आले. हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात, हळूहळू बुद्धी ढासळते. आईवडिलांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्याला होण्याची शक्यता निम्मी.

कारणाचा माग लागला तो व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराकाठी. तिथल्या कोळीवस्त्यांत लोक या आजाराला नुसते ‘एल माल’, म्हणजे ‘ते दुखणे’, म्हणत. १९७९पासून संशोधक नॅन्सी वेक्सलर आपला चमू घेऊन तिथे जाऊ लागल्या. त्यांची आई याच आजाराने गेली होती. कोळी कुटुंबांनी हात पुढे केले, रक्त दिले, आज्या-पणज्यांची नावे आठवून सांगितली. त्यातून १८ हजारांहून अधिक जणांची वंशावळ उभी राहिली. या संशोधनाचे निम्मे श्रेय त्या कुटुंबांचेच आहे. १९८३मध्ये चौथ्या गुणसूत्रावर या आजाराच्या जनुकाची खूण सापडली आणि १९९३मध्ये जनुक. त्यात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरे लागोपाठ येतात; ही आवर्तने ४० किंवा त्याहून जास्त झाली, की आजार अटळ. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला हंटिंग्टिन हे नाव मिळाले.

पण ते प्रथिन करते काय? १९९५मध्ये उंदरांतले हे जनुकच काढून टाकले, तर पिल्ले गर्भातच मेली. म्हणजे प्रथिन जगण्याला आवश्यक, आणि घातक ठरते ते त्याचे बिघडलेले रूप. रुग्णाच्या आणि निरोगी माणसाच्या पेशी शेजारी ठेवूनही नेमके उत्तर मिळेना, कारण दोन माणसांच्या जनुकसंचांत लाखो फरक असतात. २०१२मध्ये जनुके हवी तिथे कापणारी क्रिस्परची कात्री हाती आल्यावर ही अडचण दूर होऊ लागली. एकाच पेशीच्या दोन प्रती घ्यायच्या, एकीतली लांबलेली आवर्तने छाटायची, बाकी एकाही अक्षराला हात लावायचा नाही. मग दोघींत जो फरक दिसेल, तो त्या आवर्तनांचाच.

२०१७मध्ये हा आजार असलेल्या उंदरांच्या मेंदूत क्रिस्परने या प्रथिनाची निर्मिती रोखली, तेव्हा बिघडलेल्या प्रथिनाच्या गाठी कमी झाल्या आणि हालचाली सुधारल्या. पुढच्याच वर्षी चीनमधल्या संशोधकांनी डुकराच्या जनुकात १५० आवर्तने बसवली. माणसात ज्या चेतापेशी आधी मरतात, नेमक्या त्याच या डुकरांच्या मेंदूतल्या स्ट्रायटम या भागातही मेल्या. उंदरांत हे इतके ठळकपणे दिसले नव्हते.