सैराट : गीतसंच

सैराट (गीतसंच, २०१६) : नागराज मंजुळे यांनी दिग्दर्शित केलेल्या याच नावाच्या मराठी चित्रपटासाठी अजय आणि अतुल गोगावले या बंधूंनी रचलेला चार गीतांचा संच. ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’ ही ती चार गीते. सर्व मिळून अवघ्या वीस-एकवीस मिनिटांचा हा ऐवज. परंतु २९ एप्रिल २०१६ रोजी चित्रपट प्रदर्शित झाल्यापासून महाराष्ट्रातील लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन आणि शहरी उपाहारगृहातील नृत्यगृह अशा परस्परांशी एरवी फारसा संबंध नसलेल्या स्थळी तो सारख्याच हक्काने वाजत आला आहे. ‘सैराट’ म्हणजे मोकाट, बेबंद, कोणाच्याही लगामास न जुमानणारा. ‘स्वैर’ आणि ‘सैरावैरा’ या दोन्ही शब्दांची छटा त्यात आहे, आणि ग्रामीण बोलीतला हा शब्द नागर मराठीच्या नित्य व्यवहारात रूढ झाला तो या चित्रपटामुळेच.

चित्रपटाची भूमी सोलापूर जिल्ह्याची आहे. मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. पुण्याहून सोलापुरास जाणाऱ्या लोहमार्गावरील हे एक स्थानक. नायिकेची भूमिका करणारी रिंकू राजगुरू ही माळशिरस तालुक्यातील अकलूजची. भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्याने एकीकडे ऊस आणि केळी आणली व दुसरीकडे गावेच्या गावे पाण्याखाली घातली. त्या फुगवट्याच्या काठचा हा मुलूख, त्याच्या विहिरी, केळीच्या बागा आणि रखरखीत माळ यांसह पडद्यावर आला. सोलापूर म्हटले की गिरणी, चादर आणि दुष्काळ एवढ्यावरच ज्यांची माहिती संपत असे, त्यांना या जिल्ह्याची बोली प्रथमच गाण्याच्या चालीवर तोंडपाठ झाली. पूर्वी तालुक्याची बोली चित्रपटात आली तर ती बहुधा हसे पिकविण्यासाठी येई. येथे ती प्रेमाच्या निवेदनासाठी आली, आणि ‘वेड’ या शब्दाऐवजी ‘याड’ म्हटल्याने त्या भावनेची प्रतिष्ठा तिळमात्र उणी होत नाही, हे लक्षावधी श्रोत्यांनी ते शब्द स्वतः गाऊन मान्य केले.

संगीतकार बंधूंचे वडील महसूल खात्यात नोकरीस असल्यामुळे त्यांचे बालपण पुणे जिल्ह्यातील निरनिराळ्या गावी गेले. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. गावोगावचे बँड, देवळातील भजन, जत्रेतील वाद्ये हीच त्यांची पाठशाळा. त्यांच्या संगीतात सतत टिकलेली जी एक खूण आहे ती हीच, की वाद्यांची प्रतवारी त्यांच्या कानाने कधी स्वीकारली नाही. ‘जत्रा’ (२००६) या चित्रपटासाठी त्यांनी केलेले कोंबडीचे गीत पुढे ‘अग्निपथ’ (२०१२) या हिंदी चित्रपटात नव्या शब्दांनी अवतरले, आणि ‘जोगवा’च्या संगीताबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच हातांनी वरातीचा ठेका आणि देवीच्या जोगत्याची आर्त हाक या दोहोंना न्याय दिला, ही गोष्ट ‘सैराट’ समजून घेताना विसरता येत नाही.

या संचाची सर्वांत अधिक चर्चा झाली ती त्यातील पाश्चात्त्य वाद्यवृंदाविषयी. व्हायोलिन, चेलो, पितळी वाद्ये यांचा भरगच्च मेळ अमेरिकेत, हॉलिवूडमधील सोनी स्कोरिंग स्टेज या ध्वनिमुद्रणगृहात मुद्रित करण्यात आला. करमाळ्याच्या विहिरीत उडी घेणाऱ्या नायकाच्या मनाची खळबळ व्यक्त करावयास एवढा सरंजाम कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर ‘याड लागलं’ ऐकतानाच मिळते. अजय यांचा किंचित चिरका, उघड्या माळावरून आल्यासारखा आवाज आणि त्याच्यामागे भरतीप्रमाणे चढत जाणारी तंतुवाद्ये यांच्या संयोगाने मासेमाऱ्याच्या या मुलाचे प्रेम राजपुत्राच्या प्रेमाइतके भव्य होते. ‘आताच बया का बावरलं’ हे श्रेया घोषाल यांनी गायिलेले गीत नायिकेच्या बाजूने तीच उंची गाठते. ‘सैराट झालं जी’ हे चिन्मयी श्रीपाद आणि अजय यांचे युगुलगीत तुलनेने संथ, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते संचातील सर्वांत सुरेल.

येथे पाश्चात्त्य डिस्को संगीताची आठवण अपरिहार्य ठरते. १९७०च्या दशकात न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया येथे आकारास आलेल्या त्या संगीतातही असाच विसंगत भासणारा संयोग होता : खाली चारही मात्रांवर समान आघात करणारा पायढोल आणि वर व्हायोलिनांचा रेशमी पडदा. ते संगीत जन्मले कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी समाजाच्या नृत्यगृहांत, म्हणजे जेथे बाहेरच्या जगाने नाकारलेली माणसे रात्रभर एकमेकांच्या सोबतीने नाचत, अशा जागी. भारतात ते चित्रपटांच्या मार्गे आले. ‘कुर्बानी’ (१९८०) मधील नाझिया हसन यांचे गीत बंगळुरात जन्मलेले बिड्डू यांनी रचले, पुढल्याच वर्षी त्या दोघांची ‘डिस्को दीवाने’ ही ध्वनिमुद्रिका आली आणि १९८२ साली बप्पी लाहिरी यांच्या ‘डिस्को डान्सर’ने त्या लाटेस गावागावांत नेले. परंतु लाट आली तरी फरशी आली नाही. तालुक्याच्या गावी नाचावयास नृत्यगृह नव्हते. होता तो रस्ता, आणि त्या रस्त्यावर नाचण्याचे निमित्त म्हणजे वरात किंवा मिरवणूक. आपल्याकडील नृत्यभूमी धुळीची आहे, हलती आहे, आणि तीवर कोणास प्रवेशपत्र लागत नाही.

‘झिंगाट’ हे गीत या धुळीच्या नृत्यभूमीसाठी केलेले आहे. चार गीतांत सर्वांत आखूड, चार मिनिटांहूनही कमी; अन्य तिहींतील वाद्यवृंदाचे वैभव येथे बाजूस सारलेले, आणि त्याच्या जागी वरातीतील बेंजो पार्टीची आठवण देणारी विद्युत्-वाद्यांची खणखणीत सुरावट व छातीत घुमणारा ठेका. दोघे भाऊ ते एकत्र गातात, गातात म्हणण्यापेक्षा गर्दीतल्या पोरांनी एकमेकांस हाकारावे तसे ओरडतात, आणि त्यात जाणीवपूर्वक ठेवलेला हा खडबडीतपणाच त्या गाण्याचा जीव आहे. सोलापूरच्या मिरवणुकांत लेझीमची परंपरा मोठी. तिचे डाव, तिच्या पवित्र्यांची शिस्त, हलगीच्या इशाऱ्यावर सबंध ताफ्याने एकदम वळणे, हे सारे अनेक दिवसांच्या सरावाने साधते, आणि ज्याने सराव केला नाही तो कडेला उभा राहून पाहतो. ‘झिंगाट’ला सराव लागत नाही. हात वर करावे, पाय आपटावे, शेजाऱ्याच्या खांद्यास खांदा लागला तर लागू द्यावा, एवढीच त्याची रीत. म्हणून नवरदेवाचा मामा, बँडवाल्याचा पोर, पुण्याहून सुटीवर आलेली भाची आणि गर्दीच्या कडेला कधीचा पदर सावरीत उभी असलेली आजी ही सर्व एकाच क्षणी त्यात ओढली जातात. लेझीम ही कलेच्या दृष्टीने श्रेष्ठ, यात वाद नाही, आणि तिची जागा डॉल्बीच्या भिंतींनी घ्यावी हे प्रस्तुत लेखकास मुळीच रुचत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास मनाई केली आहे, तिचा अंमल कसोशीने व्हावा असेच त्याचे मत आहे. तरीही बेताच्या आवाजात, साध्या ध्वनिक्षेपकावर लावले असताही हे गीत रस्ता नाचवते, यावरून त्याचे बळ आवाजात नसून रचनेत आहे हे सिद्ध होते.

चित्रपटगृहांत या गीताच्या वेळी प्रेक्षक आसने सोडून पडद्यापुढे नाचू लागले, आणि गर्दी एवढी लोटली की सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरसारख्या ठिकाणी मध्यरात्री बारा आणि पहाटे तीन वाजता खेळ लावावे लागले. शंभर कोटी रुपयांच्या मिळकतीचा टप्पा ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट. पुढे कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) आणि हिंदीत ‘धडक’ (२०१८) अशी त्याची रूपांतरे झाली. हिंदीत ‘झिंगाट’ला अमिताभ भट्टाचार्य यांनी नवे शब्द दिले आणि कथा उदयपुरास गेली. चाल तीच राहिली, ठेकाही तोच; परंतु गावचा वाडा, गावची बोली आणि त्या वाड्याचा धाक ही मूळ गाण्याची पार्श्वभूमी तिकडे पोहोचू शकली नाही.

ती पार्श्वभूमी अशी. संचातील चारही गीते चित्रपटाच्या पूर्वार्धात येतात, आणि ‘झिंगाट’ त्यांतले शेवटचे. गावच्या राजकारणी पाटलाच्या घरी मुलाच्या वाढदिवसाचा जल्लोष चालू आहे, आणि त्या गर्दीत पाटलाची लेक आर्ची आणि मासेमाऱ्याचा पोर परश्या एकाच ठेक्यावर नाचत आहेत. जातीच्या ज्या भिंतीने त्यांना एरवी समोरासमोर उभेही राहू दिले नसते, ती या जेमतेम चार मिनिटांपुरती कोणाच्या ध्यानात राहिलेली नाही. त्याच रात्री ती दोघे पकडली जातात. त्यानंतर मारहाण आहे, पलायन आहे, परमुलखातील झोपडपट्टीतला संसार आहे, कष्टाने उभे केलेले घर आहे. गाणे मात्र एकही नाही. उत्तरार्धातील त्या दीर्घ गीतशून्यतेत ‘झिंगाट’ प्रेक्षकाच्या कानात राहते, आणि अखेरच्या दृश्यात रक्तात भिजलेली पावले उमटवीत त्या दोघांचे लहान मूल दाराबाहेर जाते तेव्हा चित्रपटाचा आवाजच बंद होतो.