खर्ड्याच्या माळावर उभी राहिलेली भविष्यातली फौज

विज्ञानकथांतल्या, खेळांतल्या आणि चित्रपटांतल्या भविष्यकालीन सैन्यांविषयी आपण तासन्तास वाद घालतो. एका तुकडीत किती सैनिक असावेत, यंत्रमानव कोणाच्या हुकमतीखाली असावेत, रणगाड्यांची स्वतंत्र फौज असावी की त्या प्रत्येक पायदळ तुकडीला वाटून द्याव्यात, अशा रचनांचे तक्ते लोक हौसेने काढतात. मलाही ते पाहायला आवडतात. परंतु असे तक्ते पाहताना माझ्या मनात नेहमी एक जागा येते. आमच्या कर्जतहून जामखेडमार्गे पुढे गेले की खर्डा लागते. ११ मार्च १७९५ रोजी या परिसरात जी फौज उभी होती, तिचा एक भाग त्या काळाच्या मानाने भविष्यातून आलेला होता.

हा धागा लांबणार आहे. सवडीने वाचा.

आधी जुनी रचना समजून घेऊ, कारण तिच्याशिवाय नवी कळत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या सैन्याची उतरंड दिली आहे. पायदळात दहा जणांच्या टोळीवर एक नाईक, पाच नाइकांवर हवालदार, दोन किंवा तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, सात हजारींवर सरनोबत. घोडदळात पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांचा जुमला, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि 'पाहा, किती शिस्तबद्ध!' असे म्हणून पुढे जातात. मला मात्र या तक्त्यातल्या दोन बारीक नोंदी अधिक मोलाच्या वाटतात. एक म्हणजे, दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल यांची सोय थेट सर्वांत लहान तुकडीला जोडलेली आहे, वरच्या कोठारावर सोडलेली नाही. दुसरी नोंद हिशेबाची. अधिकाऱ्याच्या शेजारी सबनीस, मुजुमदार, जमेनीस असे लेखणीवाले बसवलेले आहेत. तलवार एकाच्या हाती आणि वही दुसऱ्याच्या हाती. हजारीला वेतन होनांत मिळे. गावे तोडून दिलेली नसत.

आता बारगीर आणि शिलेदार हा भेद पाहा. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. वरवर पाहता हा मालकीचा किरकोळ तपशील वाटतो, पण रणांगणावर त्याचे वजन फार मोठे असते. शिलेदाराचा घोडा पडला तर त्याची उपजीविकाच पडली. असा माणूस तोफेच्या तोंडावर घोडा घालताना दोनदा विचार करणार, आणि त्याला भ्याड म्हणणे अन्यायाचे आहे. शिवकाळात शिलेदारांना पागेच्या हुकमतीत ठेवले जाई, त्याचे कारण हेच असावे असे मला वाटते. घोडा ज्याच्या मालकीचा, त्याची आज्ञा शेवटी चालते.

पेशवाईत चित्र पालटले. सरदाराला सरंजाम, म्हणजे प्रदेशाचा महसूल, लावून द्यायचा आणि त्यातून त्याने ठरलेले स्वार बाळगायचे, ही पद्धत रुजली. राज्य झपाट्याने पसरले, कारण नव्या मुलखाचा खर्च नवा मुलूखच भागवू लागला. पण सरदाराच्या फौजेचा पगार सरदार देऊ लागला. पेशव्यांची स्वतःची अशी हुजुरात तेवढी उरली.

यात भर पडली गारद्यांची. कवायती, बंदूकधारी, रोख पगारावर लढणारे पायदळ. पानिपतावर १७६१ मध्ये इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत लढला. मात्र १७७३ च्या ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावाला मारणारेही गारदीच होते, आणि आत शिरताना त्यांच्या ओठांवर मागणी होती ती थकलेल्या पगाराची. कटामागचे राजकारण वेगळे. पण पगार थकलेली पलटण कोणाच्याही हाती लागू शकते, हे त्या दिवशी पुण्याने पाहिले.

महादजी शिंद्यांनी हा धडा उत्तरेत पुन्हा एकदा, फार महाग किंमत देऊन गिरवला. १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत त्यांच्या बाजूच्या हिंदुस्थानी पलटणी थकलेल्या पगारावरून तोफांसह शत्रूला जाऊन मिळाल्या. ज्या थोड्या तुकड्या जागेवर राहिल्या, त्यांत दोन पलटणी बेन्वा डी बॉईन याच्या होत्या. हा सव्हॉयचा माणूस. १७५१ मध्ये शांबेरी गावी जन्मलेला, अनेक सैन्यांत नोकरी करून १७८४ मध्ये महादजींकडे आलेला.

१७९० पासून त्याने जे उभे केले, त्याला आपल्याकडे कंपू म्हणत. एका कंपूत दहा पलटणी. एका पलटणीत सुमारे साडेसातशे माणसे. बहुतेक पलटणी तेलंग्यांच्या, म्हणजे युरोपीय धर्तीची बंदूक व कवायत असलेल्या, काही नजीबांच्या. प्रत्येक पलटणीच्या स्वतःच्या तोफा, त्या ओढायला स्वतःचे बैल, शिवाय कंपूला जोडलेले घोडदळ आणि किल्ले फोडायच्या जड तोफा. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. तोफखाना ही वेगळ्या सरदाराची वेगळी जहागीर उरली नाही. पायदळ, तोफा आणि स्वार एकाच हुकमाखाली, एकाच चालीने पुढे सरकणारे. कुठेही नेऊन ठेवा, कंपू स्वतःच्या बळावर लढाई देऊ शके. आजच्या विज्ञानकथांतले लेखक 'स्वयंपूर्ण मिश्र दल' म्हणून जे काही रंगवतात, ते आग्र्याच्या आणि अलीगढच्या आसपास १७९० च्या दशकात पगार घेत होते.

पगार हाच शब्द मुद्दाम वापरला. डी बॉईनने महादजींकडून कवायतीच्या मोकळीकीबरोबर आणखी एक गोष्ट मागून घेतली: दुआबातला प्रदेश, ज्याचा महसूल केवळ कंपूच्या पगारासाठी राखीव असेल. शिपायाला पैसा वेळेवर मिळू लागला. पाटण आणि मेडत्याचे १७९० मधले विजय कवायतीचे आहेत, हे खरे. पण त्यांच्याखाली ही वसुलीची व्यवस्था आहे. तोफा आग्र्याच्या कारखान्यात ओतल्या जात. तिथला प्रमुख सँग्स्टर नावाचा स्कॉटिश माणूस होता. पलटणींच्या निशाणावर सव्हॉयचा पांढरा क्रूस होता. शिंद्यांच्या पैशावर उभी राहिलेली, आपल्याच मुलखातल्या माणसांनी भरलेली फौज, आणि निशाण आल्प्सच्या पायथ्याच्या एका डचीचे. हे निशाण पुढे फार अर्थपूर्ण ठरणार आहे.

आता परत आपल्या भागात येऊ. महादजी १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीला वारले. त्याच वर्षी हरिपंत फडके आमच्या कर्जत तालुक्यातल्या सिद्धटेकला, भीमेच्या काठी, वारले. सिद्धटेकच्या गणपतीला हरिपंतांनी एकवीस दिवस प्रदक्षिणा घातल्याची आणि गेलेले सेनापतिपद परत मिळाल्याची कथा आमच्याकडे अजून सांगतात. एका वर्षात दोन अनुभवी सेनानी गेले आणि निजामाशी युद्ध तर दाराशी आले होते. नाना फडणविसांनी सगळे सरदार एकत्र आणले. सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे गेले. शिंद्यांचे, होळकरांचे, नागपूरकर भोसल्यांचे, पटवर्धनांचे असे सगळे दळ मिळून ग्रँट डफ एक लाख तीस हजारांचा आकडा देतो, पेंढारी त्याखेरीज.

या गर्दीत सैन्यरचनेचे तीन काळ एकाच वेळी उभे होते. पटवर्धनांचे आणि इतर सरदारांचे सरंजामी स्वार. भोसल्यांचे बाण सोडणारे लोक. आणि शिंद्यांचा कंपू, ज्याचे नेतृत्व जिवबादादा बक्षींच्या बरोबरीने पेराँ नावाचा फ्रेंच अधिकारी करत होता. समोर निजामअलीकडेही तशीच नवी फौज होती: रेमाँच्या कवायती पलटणी. (हैदराबादचे मूसारामबाग याच रेमाँच्या नावावरून आले, असे मानतात.) शिवाय निजामाच्या सैन्यात बायकांची जफर पलटण होती, लाल डगले घालून बंदुका चालवणारी. खर्ड्याच्या कथेत तिचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून इथे करून ठेवतो.

निजाम मोहरीच्या घाटाने खाली उतरला आणि खर्डा व परंड्याच्या दरम्यान गाठ पडली. पहिला तडाखा मराठ्यांच्या आघाडीला बसला. पठाणांच्या हल्ल्यात विठ्ठलराव पटवर्धन पडले, परशुरामभाऊ स्वतः जखमी झाले. सरंजामी स्वार काही काळ विस्कळीत झाले. मग उंचवट्यावर मांडलेल्या पेराँच्या तोफा बोलू लागल्या आणि भोसल्यांचे बाण निजामाच्या घोडदळात पडू लागले. निजामाचे स्वार मागे फिरले. रेमाँचे पायदळ मात्र टिकून होते. दोन कवायती फौजा एकमेकींसमोर उभ्या होत्या आणि कोणाचीही सरशी निश्चित नव्हती. तेवढ्यात निजामाने रेमाँला माघारीचा हुकूम धाडला. वृद्ध निजामासोबत त्याचा जनाना होता आणि तिथे भीतीने गोंधळ माजला होता.

रात्री जे घडले ते कोणत्याही तक्त्यात बसत नाही. घोड्यांना पाणी शोधत निघालेली मराठ्यांची एक छोटी टोळी अंधारात रेमाँच्या पहारेकऱ्यांपुढे गेली. पहारेकऱ्यांनी गोळी झाडली, त्या आवाजाने सगळ्या छावणीची घाबरगुंडी उडाली आणि प्रचंड फौज मिळेल त्या वाटेने पांगली. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. किल्ला आटोपशीर, आत माणसे फार, पाणी थोडे. मराठ्यांनी वेढा घातला आणि काही दिवसांत निजामाने तह मागितला. दौलताबादचा किल्ला, मोठा मुलूख, कोट्यवधींची रक्कम आणि त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क ओलीस, असे सर्व पदरात पडले. लढाईच्या आकाराच्या मानाने माणसे फार थोडी मेली.

शाळेत आपण खर्डा 'मराठ्यांचा शेवटचा एकत्रित विजय' म्हणून शिकतो. ते चूक नाही. पण मला खर्ड्याकडे पाहताना विजयापेक्षा पुढची आठ वर्षे अस्वस्थ करतात.

१७९५ च्याच ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. डी बॉईन १७९६ पर्यंत स्वदेशी परतण्याच्या वाटेला लागला आणि कंपू पेराँच्या हाती आला. खर्च मात्र वाढतच गेला. दौलतराव शिंद्यांच्या फौजेसाठी पैसा हवा म्हणून १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्याने पुण्याच्या सावकारांवर आणि मुत्सद्द्यांवर जे अत्याचार केले, ते प्रसिद्धच आहेत. ज्या शहरासाठी ही फौज लढली, त्याच शहराला तिच्या पगारासाठी पिळले गेले. १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांच्या आणि शिंद्यांच्या कवायती पलटणी एकमेकींवर तुटून पडल्या. खर्ड्यावर त्यांचे धनी एकाच बाजूला होते.

मग १८०३. इंग्रजांनी जाहीरनामा काढला: शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नोकरी सोडावी, त्यांची सोय केली जाईल. अनेक जण गेले. ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला. ८ तारखेला पेठ, १२ तारखेला किल्ला. सप्टेंबरात अलीगढ पडले आणि स्वतः पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ज्या माणसाच्या तोफांनी खर्ड्यावर लढाई फिरवली, तो युद्ध ऐन रंगात असताना निघून गेला.

शिपाई मात्र गेले नाहीत. २३ सप्टेंबरला असईच्या मैदानावर शिंद्यांचे घोडदळ फारसे उपयोगी पडले नाही, पण पलटणी आणि गोलंदाज तोफांपाशी मरेपर्यंत उभे राहिले. १ नोव्हेंबरला लासवाडीला तर बहुतेक युरोपीय अधिकारी सोडून गेलेले होते, तरीही त्या पलटणी इतक्या चिवटपणे लढल्या की विजयी सेनापती लेकने आपल्या पत्रांत त्यांची स्तुती केली. कवायत शिपायाच्या अंगात मुरली होती. मुरली नव्हती ती वरची साखळी. नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आपले. त्यांच्या वरचा हुकूम मात्र ज्यांच्या हाती, त्यांचे निवृत्तीचे घर आणि निशाण दोन्ही युरोपात होते. महादजींनी बंदूक आणली, तोफेचा कारखाना आणला, पगाराची व्यवस्थाही आणली. सेनाधिकारी घडवणारी शाळा मात्र त्यांना वा त्यांच्या वारसांना उभारता आली नाही. माझ्या मते खरी उणीव तीच. 'मराठ्यांनी गनिमी कावा सोडला म्हणून हरले' हे नेहमीचे उत्तर मला त्यामुळे पटत नाही.

आज अहिल्यानगरला चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला आहे, यंत्रसज्ज पायदळाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या कवायतीच्या मैदानावर आजही 'नाईक' आणि 'हवालदार' असेच पुकारले जाते. सभासदाच्या बखरीतले ते दोन शब्द साडेतीनशे वर्षे नोकरीत आहेत. आमच्या कर्जतच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. २०२२ पासून त्यांतली निवड झालेली मुले चार वर्षांसाठी अग्निवीर म्हणून जातात आणि त्यांतली जास्तीत जास्त पाव हिस्सा पुढे कायम होतात. माझ्या वर्गातला एक मित्र या विषयावर बोलताना शिलेदार आणि बारगिराची उपमा देतो. ती उपमा मला पूर्ण पटत नाही, पण त्याचा धाकटा भाऊ रोज धावतो, त्यामुळे मी वाद घालत नाही.

खर्ड्याचा किल्ला अजून उभा आहे. निंबाळकरांनी बांधलेली त्याची तटबंदी बरीच शाबूत आहे आणि तटावरून ज्या दिशेने निजामाची फौज आली, तो मुलूख दिसतो. मार्च महिन्यात गेलात तर ऊन किती असते आणि आत कोंडलेल्या फौजेचे काय झाले असेल, याचा अंदाज आपोआप येईल. पाणी सोबत न्या.