आखडू नायिका

कचेरीतली हलकीफुलकी प्रेमकथा म्हटली की नायिका गोडच हवी, असा आपल्याकडे रिवाज आहे. रसायनीत कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावत आम्ही लहानाचे मोठे झालो. थोरली आपा एका कचेरीत टायपिस्ट होती. स्टोअरमधल्या एका कारकुनाला ती चुकीच्या नोंदींवरून चारचौघांत झापायची. सारे तिला आखडू म्हणत. पुढे तेच आमचे दुल्हाभाई झाले!

या आखडूपणाची वंशावळ शोधता शोधता मी विभावरी शिरूरकरांपाशी पोचलो. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी १९३३ साली या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध केले. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुली त्यात मनातले बोलल्या आणि गदारोळ उठला. १९३४च्या 'हिंदोळ्यावर'मधली अचला तर नवऱ्यापासून दूर राहून दुसऱ्यावर प्रेम करते. विनोदाला तिथे जागा नव्हतीच; पगार मिळवणारी बाई हसण्यावारी न्यावी इतकी ती तेव्हा सवयीची झाली नव्हती. लेखिका स्वतः शिक्षिका. नाव लपवले, त्यात नवल ते काय!

आपाला मी 'हिंदोळ्यावर' वाचायला दिले. पुस्तक मिटून तिने विचारले, "यात ही बाई वाईट कुठे आहे रे?"

दुल्हाभाई आतून म्हणाले, "हिला नाहीच दिसणार."