शेवटच्या डब्यावरची फुली

बेसा-मनीषनगरच्या रहिवाशांना नागपूर–वर्धा लोहमार्ग चांगलाच ओळखीचा. उड्डाणपूल होण्याआधी इथल्या फाटकात ताटकळताना किती गाड्या नजरेखालून गेल्या, त्याला गणती नाही. प्रवासी गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर भलीमोठी फुली रंगवलेली असते. जोडीला ‘एलव्ही’, म्हणजे लास्ट व्हेईकल, अशी पिवळी पाटी लटकते आणि रात्री तांबडा दिवा लुकलुकतो. फाटकातल्या माणसाला त्यातून ‘सुटलो एकदाचे’ एवढंच कळतं. पण ही खूण असते पुढच्या स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यासाठी. फुली दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, मागे सेक्शनमध्ये एकही डबा सुटून राहिला नाही. ही खात्री पटल्यावरच मागच्या गाडीला ‘लाइन क्लियर’ मिळते.

हे शहाणपण रेल्वेला फार महागात पडलं.

सुरुवातीच्या काळात इंग्लंडात दोन गाड्यांमधलं अंतर घड्याळावर राखत. एक सुटली की ठरावीक मिनिटं थांबायचं आणि दुसरी सोडायची. पहिली वाटेत अडली तर दुसरीला कळायला मार्ग नव्हता, आणि कळलं तरी ब्रेक दुबळे. 25 ऑगस्ट 1861 रोजी ब्रायटनहून तीन गाड्या सात मिनिटांच्या आत सुटल्या. वाटेत क्लेटनचा बोगदा होता. त्याच्या दोन्ही तोंडांना सिग्नलवाले होते, मधे तारयंत्रही होतं. दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला ओझरता लाल झेंडा दिसला. त्याने बोगद्यात गाडी थांबवली आणि मागे घ्यायला लागला. इकडच्या सिग्नलवाल्याने विचारलं, बोगदा मोकळा आहे का? पलीकडच्याने नुकतीच पहिली गाडी बाहेर पडताना पाहिली होती. त्याने कळवलं, मोकळा. तिसरी गाडी आत सोडली गेली आणि 23 माणसं मेली. उत्तर देणारा खोटं बोलला नव्हता. तो वेगळ्याच गाडीबद्दल बोलत होता.

तरी घड्याळ सुटलं नाही. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीची गाडी चढावर अडली. निम्मी आधी वर नेऊ म्हणून कर्मचाऱ्यांनी ती मधून तोडली. सुटलेले डबे उतारावरून मागे घरंगळले आणि वेळेच्या हिशेबाने मागून सोडलेल्या गाडीवर आदळले. 80 जण गेले, त्यांत पुष्कळ मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत आणि गाडीभर चालणारे ब्रेक सक्तीचे केले. मार्गाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एकच गाडी, किती का वेळ लागेना. मिनिटांच्या जागी मैल आले. तुकडा मोकळा झाल्याचा साक्षीदार मात्र गाडीचं शेपूटच.

आता पुष्कळ ठिकाणी हे काम अ‍ॅक्सल काउंटर करतो. आत गेलेली चाकं आणि बाहेर पडलेली चाकं यांचा जमाखर्च जुळला की सेक्शन मोकळा. पण यंत्रणा बिघडली की पुन्हा माणसाच्या डोळ्यांवर भिस्त. ऑटोमॅटिक सिग्नल लाल दिसला तर ड्रायव्हरने दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबायचं आणि मग अगदी हळू पुढे सरकायचं. म्हणजे घड्याळ मागच्या दाराने परत आलंच. 17 जून 2024 रोजी पश्चिम बंगालमध्ये रांगापानीजवळ सिग्नल बिघडलेले असताना मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून आदळली. आपल्या विदर्भातही 17 ऑगस्ट 2022 रोजी गोंदियाजवळ भगत की कोठीला निघालेली गाडी पुढच्या मालगाडीवर धडकली होती.

रस्ता तर अजून 1861 सालीच आहे. पुढच्या वाहनापासून पुरेसं अंतर ठेवा, असं 2017 ची वाहनचालन नियमावली सांगते. व्यवहारात ते अंतर सेकंदांवरच मोजतात. ताशी 80 च्या वेगाला तीन सेकंद म्हणजे साधारण 67 मीटर. वर्धा रोडवर एवढी जागा सोडली की तिच्यात दोन बाइक आणि एक ऑटो घुसलाच म्हणून समजा. मोटारीच्या मागच्या काचेतला तिसरा ब्रेक लाइट याच दुखण्यावरचा उपाय. जॉन व्होएव्होडस्की या मानसशास्त्रज्ञाने तो सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर लावून पाहिला. मागून ठोकण्याचे प्रकार चांगलेच कमी झाले आणि अमेरिकेत 1986 च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. पण हा दिवा ‘मी थांबतोय’ एवढंच सांगतो. पुढचा तुकडा मोकळा होईपर्यंत मागच्याला रोखून धरायची ताकद त्याच्यात नाही.

रस्त्यावर स्टेशनमास्तर नेमता येणार नाही, हे खरं. म्हणूनच इथे शेपटाची खूण रेल्वेपेक्षाही जास्त मोलाची. अंधारात बिनदिव्याची ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यावर उभी राहते, तेव्हा मागच्याच्या लेखी ती नसतेच. ट्रॉलीच्या पाठीला लाल रेडियमची पट्टी चिकटवायला पाच मिनिटं लागतात.